गिनीपिगच्या डोळ्याला काडी लागली तर : पहिल्या तासापासून जखम भरेपर्यंत

गिनीपिगचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, खोबणीतून थोडे बाहेर आलेले असतात, आणि हा प्राणी दिवसाचा बराच वेळ गवतात तोंड खुपसून बसतो. घरातल्या गिनीपिगच्या डोळ्याला इजा होते तेव्हा दोषी बहुतेक वेळा गवतच निघतं : ताठ काडी, तुटलेलं टोक नाहीतर कुसळ. त्याखालोखाल सोबत्याचं नख किंवा दात, भुशाची धूळ, पिंजऱ्याची उघडी तार आणि लहान मुलाच्या हातून झालेली पडझड.

आणखी दोन गोष्टी त्याच्या विरोधात जातात. गिनीपिग पापणी फार क्वचित मिटतो, कित्येक मिनिटं तो डोळा उघडाच ठेवतो, आणि त्याला अश्रूही कमी असतात. कचरा गेला तर तो आपोआप धुऊन निघेल याची खात्री नाही. शिवाय डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, माणसाच्या निम्म्याहून कमी. वरवरचा ओरखडा खोल जखमेत बदलायला वेळ लागत नाही.

बहुतेक ओरखडे वेळेत उपचार मिळाले तर आठवड्याभरात भरून येतात. नुकसान होतं ते दोन कारणांनी. घरातल्या कपाटातले चुकीचे थेंब डोळ्यात घातले जातात, आणि दुखण्यामुळे प्राण्याने खाणं सोडलंय हे सगळ्यांचं लक्ष डोळ्याकडे असल्यामुळे उशिरा कळतं. या दोन गोष्टी टाळल्या तर अर्धी लढाई जिंकली.

आधी बघा, मग हात लावा

आधी एक गैरसमज. गिनीपिगच्या डोळ्यात मधूनच दुधासारखा पांढरा द्रव दिसतो. पुढचे पाय त्यात भिजवून तो तोंड धुतो. दोन्ही डोळ्यांत आला, मिनिटा-दोन मिनिटांत नाहीसा झाला आणि मागे डोळा लख्ख राहिला, तर ते नेहमीचंच आहे. टिकून राहणारा पांढरेपणा, चिकट चिपडं किंवा गालावर ओली रेघ हे मात्र नेहमीचं नाही.

टॉवेलमध्ये गुंडाळून त्याला मांडीवर घ्या आणि तुम्ही स्वतः जमिनीवर बसा. खुर्चीवरून किंवा ओट्यावरून उडी मारलेला गिनीपिग पाय मोडून घेतो. एकाने धरायचं, दुसऱ्याने बघायचं. प्रत्येक वेळी दोन्ही डोळे बघा, तुलना केल्याशिवाय फरक कळत नाही.

सगळ्यात कामाची तपासणी फुकटात होते. ट्यूबलाइटचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब डोळ्यावर कसं पडलंय ते बघा. निरोगी डोळ्यात त्याची कड सरळ, स्वच्छ दिसते. कॉर्नियावर ओरखडा असेल तर नेमकी त्या जागी रेघ तुटते किंवा खडबडीत होते. मग मोबाइलचा टॉर्च थेट डोळ्यावर न मारता बाजूने, तिरपा धरा. धूसर निळसर-पांढरा डाग दिसला तर समजा, वरचा थर फाटून आत पाणी शिरलंय आणि पडदा सुजलाय. आपण ज्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतो तसंच हे दिसतं. फरक असा की ताज्या जखमेचा हा ढग जखम भरल्यावर बराचसा विरून जाऊ शकतो. तो कधी काही तासांत येतो, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून 'काल तर काहीच नव्हतं' याचा अर्थ जखम आजची आहे असा होत नाही.

नंतर खालची पापणी अंगठ्याने अलगद खाली ओढा, वरची किंचित वर उचला. काडीचे तुकडे आणि कुसळं तिथे दडतात. एक फोटो काढून ठेवा. पुढचे फोटो त्याच जागी, त्याच उजेडात काढायचे आहेत.

धुणं

मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइन म्हणून ०.९ टक्के सोडियम क्लोराइडची १०० मिलिलिटरची निर्जंतुक बाटली मिळते. सोबत सुईशिवायची ५ किंवा १० मिलिलिटरची सिरिंज घ्या. बाटली कोमट पाण्यात काही मिनिटं धरून अंगाइतकी कोमट करा. गार धार लागली की तो डोळा घट्ट मिटतो आणि पुढचं सगळं अवघड होतं.

नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे वाहील अशी मंद धार सोडा. डोकं किंचित बाहेरच्या बाजूला कललेलं असावं, म्हणजे पाणी नाकात जात नाही. धारेला जोर नको, सिरिंजचं टोक डोळ्यापासून दोनेक सेंटिमीटर दूर. धूळ किंवा सुटा कचरा असेल तर १० ते २० मिलिलिटर पुरतात. बाहेर आलेला तुकडा ओल्या गॉजच्या टोकाने उचला. कापूस वापरू नका, त्याचे तंतू डोळ्यावर चिकटून नवी खाज लावतात.

सलाइन नसेल तर पाणी उकळून निववा आणि अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम साधं मीठ घाला. चहाचा सपाट चमचा पाऊण भरेल इतकं हे होतं. हे अडीअडचणीचं, त्याच दिवशी वापरून उरलेलं फेकून द्या. कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्युशन सलाइनसारखं दिसत असलं तरी त्यात जंतुनाशकं असतात, ते नको.

चुना, फिनेल, साबण, रंगपंचमीचा रंग असं काही उडालं असेल तर हिशेब वेगळा. तिथे निर्जंतुक सलाइनची वाट बघत बसू नका. हाताशी जे स्वच्छ कोमट पाणी असेल त्याने सुरुवात करा, १५ ते २० मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टरकडे. चुना सगळ्यात वाईट, तो पडद्यात आत आत शिरत जातो.

काडी कॉर्नियात रुतलेली दिसत असेल तर ओढू नका. तिनेच भोक बुजवलेलं असू शकतं, ती निघाली की डोळ्यातला द्रव बाहेर येतो. धुणंही थांबवा, डोळ्यावर दाब पडणार नाही असं गुंडाळा आणि निघा. डोळा खोबणीतून बाहेर आला असेल तर तो सुकू न देणं एवढंच तुमचं काम : सलाइनने भिजवलेला गॉज त्यावर सैल ठेवायचा आणि वाटेत ओला करत राहायचा. आत ढकलायचा प्रयत्न करू नका.

काय घालायचं नाही

मराठी घरात डोळ्याचं दुखणं म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो : गुलाबपाणी, मध, तूप, तुरटीचं पाणी, हळद, काजळ, बाळंतिणीचं दूध. यातलं काहीही निर्जंतुक नाही. उघड्या जखमेवर साखर किंवा दूध म्हणजे जंतूंना जेवण.

पण खरी भीती मेडिकलच्या बाटलीची. आपल्याकडे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीत असलेले थेंब सर्रास मिळतात, आणि बहुतेक घरांत अर्धी वापरलेली एखादी बाटली पडलेली असते. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, सगळ्यांना बरं वाटतं. त्याच वेळी जखम भरणं थांबतं, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि कॉर्निया अक्षरशः विरघळू लागतो. नावाच्या शेवटी 'डी', 'डीएक्स' अशी जोड दिसली तर संशय घ्या, पण नावावर विसंबू नका, घटक वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यातलं एकही असेल तर बाटली बाजूला. केटोरोलॅक, नेपाफेनॅक, फ्लर्बिप्रोफेन हे वेदनाशामक थेंबही जखम भरणं लांबवतात. डोळा बधिर करणारे थेंब डॉक्टर तपासणीपुरते वापरतात. घरी पुन्हा पुन्हा घातले तर ते वरच्या थराला मारतात.

डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत काही घालायचंच असेल तर कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के असलेले साधे कृत्रिम अश्रू चालतात. नवी बाटली, एक थेंब, चार-सहा तासांनी.

किती घाई करायची

रुतलेली काडी, बाहेर आलेला डोळा, बाहुलीपुढे रक्त साचलेलं दिसणं, खाली पांढऱ्या पुवाची पातळी दिसणं, डोळा अचानक लहान किंवा चपटा होणं, रसायन उडालेलं असणं : लगेच, रात्र असली तरी.

पांढरट ढग, पूर्ण मिटलेला डोळा, पिवळी-हिरवी चिपडं, सुजलेली पापणी : त्याच दिवशी.

डोळा किलकिला आहे, पाणी येतंय, पण पडदा लख्ख आहे, प्रतिबिंब अखंड आहे आणि खाणं चालू आहे, एवढंच असेल तर धुऊन बारा तास बघता येतं. बारा तासांत नीट उघडला नाही तर तपासणी. आणि डोळा कसाही दिसत असो, खाणं थांबलं किंवा लेंड्या कमी नि बारीक झाल्या की थांबायचं नाही.

सगळंच काडीचं नसतं

दोन्ही डोळ्यांना चिपडं, सोबत शिंका किंवा नाक वाहणं असेल तर संसर्गाकडे बघावं लागतं. गिनीपिगमध्ये क्लॅमिडिया कॅव्हिए नावाच्या जंतूमुळे डोळे येतात. क्वचित तो माणसालाही लागल्याची नोंद आहे, म्हणून हात धुण्यात आळस नको. एकच डोळा हळूहळू पुढे येतोय, पाणी वाहतंय आणि खाणं रोडावलंय, तर वरच्या दाढेचं मूळ किंवा डोळ्यामागचं गळू असू शकतं. अशा वेळी नुसते थेंब घालत बसण्यात आठवडे जातात, डोक्याचा एक्स-रे लागतो. डोळ्याभोवती कोरडी खपली, खरखरीत केस आणि लंगडी चाल दिसली तर क जीवनसत्त्वाची कमतरता आठवा.

डॉक्टरकडे

गिनीपिग बघणारे डॉक्टर सगळीकडे नाहीत. इजा व्हायच्या आधीच आपल्या गावात कोण लहान सस्तन प्राणी बघतं हे फोनवर विचारून ठेवा. मुंबईत परळला, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या दवाखान्यात डोळ्याची तपासणी होईल का, कोणत्या वेळेला, हे विचारून निघावं. उन्हाळ्यात शक्यतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी न्या. २७-२८ अंशांच्या पुढे गिनीपिगला उष्मा बाधू लागतो, बंद गाडीत तर काही मिनिटं पुरतात. पेटीत टॉवेल, काकडीचा तुकडा, थोडं मऊ गवत. सोबती असेल तर त्यालाही घेऊन चला.

मुख्य तपासणी फ्लुओरेसिन नावाच्या रंगाची, तिलाच स्टेन करणं म्हणतात. नारिंगी रंगाची कागदी पट्टी भिजवून डोळ्याला लावतात, धुतात आणि निळ्या उजेडात बघतात. जिथे वरचा थर नाही तिथे हिरवं चमकतं. ही पट्टी न वापरता कोणी थेंब लिहून देत असेल तर नम्रपणे विचारा, 'डॉक्टर, स्टेन करून बघता का?' नंतर नाकातून हिरवट पाणी आलं तर घाबरू नका, अश्रुनलिका मोकळी असल्याचं ते लक्षण आहे. खोल जखमेत कधी फक्त कडेचं कडं हिरवं होतं आणि मध्य स्वच्छ राहतो. ते दिलासादायक वाटतं पण उलट आहे : मध्ये फक्त शेवटचा पातळ पापुद्रा उरलेला असतो.

साध्या ओरखड्याला अँटिबायोटिक थेंब (सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, टोब्रामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल यांपैकी काही) बहुधा दिवसातून तीन-चार वेळा, आणि दुखणं कमी करायला तोंडावाटे मेलॉक्सिकॅम दिलं जातं. वेदनाशामकाचा विषय निघाला नाही तर तुम्ही काढा. ज्याला दुखत नाही तो खातो. मात्रा वजनावर ठरते, म्हणून कुत्र्याच्या बाटलीवरून किंवा माणसाच्या गोळीवरून अंदाज बांधू नका.

तोंडावाटे अँटिबायोटिक लिहिलं गेलं तर घरी जायच्या आधी नाव वाचा. पेनिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, सेफॅलेक्सिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही कुत्र्या-मांजरांची आणि माणसांची नेहमीची औषधं गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, क्लोस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो आणि काही दिवसांत प्राणी दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा हे त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय. मलमाचंही तेच : डोळ्याबाहेर आलेलं मलम तो चाटतो, म्हणून बॅसिट्रॅसिन किंवा एरिथ्रोमायसिन असलेलं मलम टाळायला सांगा.

थेंब घालायची रीत

१. हात धुवा. बाटली फ्रिजमधली असेल तर दोन मिनिटं मुठीत धरा.

२. टॉवेलची घडी पाठीवरून घेऊन दोन्ही बाजूंनी पोटाखाली दुमडा, तोंड बाहेर. छातीवर आवळू नका, आणि त्याला पाठीवर उताणा कधीही झोपवू नका.

३. आधी चिपडं काढा. कोमट सलाइनचा गॉज अर्धा मिनिट धरून ठेवा, सुटली की पुसा. खपली ओढली तर पापणीची कातडी निघते. चिपडांवर घातलेलं औषध डोळ्यात पोहोचत नाही.

४. बाटली समोरून आणू नका. समोरून काही अंगावर आलं की गिनीपिग दचकतो. मागून, कानाच्या बाजूने हात आणा, खालची पापणी किंचित खाली करा, एक थेंब सोडा. टोक डोळ्याला, केसाला लागता कामा नये.

५. एकच थेंब. दुसरा गालावरून ओघळून तोंडात जातो. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं, आधी थेंब, मग मलम. मलम अर्ध्या तांदळाएवढं.

६. बाहेर आलेलं पुसून घ्या आणि लगेच कोथिंबिरीची काडी द्या. तिसऱ्या दिवसापर्यंत टॉवेल बघून पळायचं की थांबायचं हे त्याचं ठरलेलं असतं, ते या काडीवर अवलंबून आहे.

क्लोरॅम्फेनिकॉल हाताळताना हातमोजे घाला. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, चार आठवड्यांनी फेका. गळ्यात प्लास्टिकचं कडं घालायचा सल्ला मिळाला तर खरंच गरज आहे का विचारा. गिनीपिग स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून खातो, कड्यामुळे ते बंद होतं आणि बहुतेकजण त्या धसक्याने जेवणही सोडतात.

पोट

स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा काढा. रोज एकाच वेळी, सकाळच्या भाजीआधी, वजन करून लिहून ठेवा. २०-३० ग्रॅमचा चढउतार होतच असतो. दोन दिवसांत ५० ग्रॅमहून जास्त उतरलं तर डॉक्टरांना फोन, मूळ वजनाच्या दहा टक्क्यांवर गेलं तर तातडी. वाटीतलं अन्न संपलं यावर विश्वास ठेवू नका, सोबत्यानेही संपवलेलं असतं.

खाणं कमी असेल तर भरवावं लागतं. त्याच्या रोजच्या पेलेट्स (दाबलेल्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मिक्सरमधून काढा, गाळा आणि सिरिंजमधून सहज येईल इतकं सैल करा. आजारी प्राण्याला भरवायची तयार पूड मिळाली तर उत्तमच. काहीच खात नसलेल्या प्राण्याला किलोमागे दिवसाला ५० ते ८० मिलिलिटर लागतं. ९०० ग्रॅमच्या गिनीपिगला सहा वेळा मिळून दर खेपेला साधारण ८ ते १२. पुढच्या दातांच्या मागे, बाजूच्या फटीतून १ मिलिलिटरची सिरिंज घाला, एका वेळी अर्धा मिलिलिटर, चावू द्या, गिळू द्या, मग पुढचं. घाईत दिलेलं फुप्फुसात जातं. दूध, पेज, बाळाचं धान्याचं पीठ नको, पिष्ट आणि साखर तिथे आंबते. पोट ढोलासारखं ताणलं असेल तर काहीही भरवू नका, आधी डॉक्टर.

क जीवनसत्त्व गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही आणि जखम भरायला ते लागतंच. एरवी किलोमागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम पुरतं, आजारपणात डॉक्टर ३० ते ५० पर्यंत नेतात. ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर आणि पेरूची लहानशी फोड यांतून बरंच मिळतं. पेरू गोड आहे म्हणून लहानशीच. पाण्यात टाकलेलं क जीवनसत्त्वाचं औषध लवकर निकामी होतं आणि चव बदलल्याने तो पाणी प्यायचंही कमी करतो.

जखम कशी भरते

दोन-तीन दिवसांनी पुन्हा स्टेन करून घ्यायचा. वरवरची जखम साधारण तीन ते सात दिवसांत भरते. डोळा उघडणं आधी सुधारतं, ढग मागून विरतो. तीन-चार दिवसांनी कडेकडून बारीक लाल रेषा डागाकडे सरकताना दिसल्या तर ती दुरुस्तीला निघालेली रक्तवाहिनी आहे. कोणी म्हणालं म्हणून लाली घालवायला स्टेरॉइड सुरू करू नका. डाग मोठा होणं, पिवळसर होणं, मधोमध खड्डा किंवा जेलीसारखा ओघळ दिसणं ही पळायची चिन्हं. बरं दिसलं म्हणून थेंब मध्येच बंद करू नका, स्टेन स्वच्छ आल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हाच.

सात दिवसांत भरलीच नाही तर कारण अजून तिथेच आहे असं धरा : पापणीखाली राहिलेलं कुसळ, आत वळलेली पापणी, डोळ्यावर घासणारे लांब केस किंवा भरण्याआधीच सुटलेल्या वरच्या थराच्या कडा. शेवटचं असेल तर डॉक्टर त्या कडा साफ करतात.

डोळा वाचण्यापलीकडे गेला आणि काढायचा ठरला तर दोन गोष्टी विचारा. शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं तर तो नियम कुत्र्या-मांजरांचा आहे हे लक्षात आणून द्या. गिनीपिगला उलटी होत नाही आणि उपासाने त्याचं आतडं थांबतं. दुसरं, खोबणीत रक्तवाहिन्यांचं जाळं असल्याने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून हे काम अनुभवी हातानेच व्हावं. एका डोळ्याने जगायला तो फार लवकर शिकतो. त्या बाजूने जाताना आधी आवाज द्या, वाटी आणि लपायची जागा हलवू नका.

पिंजऱ्यात

जखम भरेपर्यंत भुसा काढून फ्लीसचं मऊ कापड किंवा जुनी सुती चादर अंथरा आणि रोज बदला. मुताचा अमोनिया डोळ्याला झोंबतो. गवताची जाळी डोळ्याच्या उंचीला असेल तर खाली घ्या किंवा गवत सरळ जमिनीवर पसरा. पुठ्ठ्याच्या नळीत ठासून भरलेलं गवत खेळ म्हणून विकतात, त्यात डोकं घालताना काडी नेमकी डोळ्यावर येते.

गवत विकत घेतानाच मूठभर हातात चुरगाळून बघा. भाताचा पेंढा ताठ असतो, तुटला की टोक सुईसारखं होतं, अंथरायलाही नको. डोंगरउतारावरचं पावसाळ्यानंतर कापलेलं गवत स्वस्त मिळतं, पण त्यात कुसळी गवत मिसळलेलं असेल तर त्याची कुसळं कपड्यात रुततात तशीच डोळ्यात आणि कातडीत रुततात. मुठीला टोचलं तर ती पेंढी परत करा. फुलोरा येण्याआधी कापलेलं मारवेल किंवा ताजी हरळी मऊ असते. लांब केसांच्या गिनीपिगच्या डोळ्यावर येणारे केस महिन्यातून एकदा बोथट टोकाच्या कात्रीने कापा. दोन नरांची जुंपत असेल तर मध्ये जाळी लावा, पण एकमेकांना दिसतील, हुंगता येईल अशी.